मुलासाठी व्यवसायोपचार जवळपास कसा मिळवावा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा असून जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत शिकतो. बोलण्यात तो चुणचुणीत आहे, पाढे आणि कविता त्याच्या तोंडपाठ आहेत. परंतु लिहायला बसला की एका ओळीतच त्याचा हात दुखू लागतो, अक्षरे ओळ सोडून भरकटतात आणि फळ्यावरचे उतरवून घेणे कधीच पूर्ण होत नाही. सदऱ्याची बटणे त्याला लावता येत नाहीत, वरणभात कालवताना बराचसा भात ताटाबाहेर सांडतो आणि खेळताना तो बरोबरीच्या मुलांपेक्षा जास्त वेळा पडतो. वर्गातल्या बाईंच्या मते तो आळस करतो. साताऱ्याच्या बालरोगतज्ज्ञांनी ‘ऑक्युपेशनल थेरपी सुरू करा’ असे चिठ्ठीवर लिहून दिले. आमच्या माण तालुक्यात ही थेरपी देणारे कोणी आम्हाला सापडले नाही. पुण्यातील एका केंद्राने आठवड्यातून तीन वेळा यावे लागेल आणि तीन महिन्यांचे पैसे आधी भरावे लागतील, असे सांगितले. माझे पती शेती करतात. घरी सासूबाई आणि धाकटी मुलगी आहे. मुलाला घेऊन मी पुण्याला राहायला जावे का? की जवळपास काही सोय होऊ शकेल?
— एक आई, म्हसवड परिसर, जि. सातारा

उत्तर : पुण्याला बिऱ्हाड हलवण्याची गरज नाही, हे आधी सांगते, कारण तुमच्या पत्रातली सर्वांत मोठी चिंता तीच आहे. तुम्ही वर्णन केलेल्या अडचणी असलेल्या मुलाला एका जाणत्या तज्ज्ञाने नीट तपासणे, घरी आणि शाळेत काय करायचे ते ठरवून देणे आणि ठराविक अंतराने पुन्हा पाहणे, एवढे झाले तर बाकीचे काम तुमच्या घरात आणि मुलाच्या वर्गात होऊ शकते. किंबहुना ते तिथेच व्हायला हवे. बटणे लावायची असतात ती सकाळी शाळेच्या घाईत, भात कालवायचा असतो तो स्वतःच्या ताटात आणि लिहायचे असते ते वर्गात बसून. केंद्रातल्या खोलीत जमलेली गोष्ट घरी आपोआप जमतेच असे नाही, हा या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव आहे.

व्यवसायोपचार म्हणजेच चिठ्ठीवरची ऑक्युपेशनल थेरपी. व्यवसायोपचारतज्ज्ञ मुलाच्या रोजच्या कामांकडे पाहतात. जेवणे, कपडे घालणे, अंघोळ, लेखन, खेळ, शाळेतले वावरणे यांपैकी काय अडते, ते नेमके कशामुळे अडते आणि ते सोपे कसे करता येईल, हे शोधणे हे त्यांचे काम. कधी मुलाचे कौशल्य वाढवावे लागते, कधी बसण्याची जागा किंवा वापरण्याची वस्तू बदलावी लागते, तर कधी आजूबाजूच्या मोठ्या माणसांची अपेक्षा बदलावी लागते. तुमच्या मुलाच्या बाबतीत बहुधा या तिन्ही गोष्टी थोड्याथोड्या कराव्या लागतील.

मात्र उपचाराची सोय शोधण्याआधी बालरोगतज्ज्ञांना दोन-तीन गोष्टी स्पष्ट विचारून घ्या. त्यांनी मुलाला तपासले आहेच, तरीही हे प्रश्न विचारण्यात संकोच करू नका. मुलगा जमिनीवरून उठताना स्वतःच्या गुडघ्यांवर आणि मांड्यांवर हात टेकत टेकत उठतो का? जिना चढणे त्याला दिवसेंदिवस अवघड होत आहे का? त्याच्या पोटऱ्या वाजवीपेक्षा भरदार दिसतात का? पूर्वी येत असलेली एखादी गोष्ट आता येईनाशी झाली आहे का? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर आधी स्नायूंच्या आणि मज्जासंस्थेच्या आजाराची तपासणी झाली पाहिजे. मुलग्यांमध्ये आढळणाऱ्या एका स्नायुविकाराची सुरुवात नेमकी अशीच, वारंवार पडण्याने होते आणि रक्ताच्या साध्या तपासणीतून त्याचा पहिला अंदाज येतो. त्याचबरोबर डोळे तपासून घ्या. फळ्यावरचे उतरवता न येणाऱ्या मुलाला मुळात फळाच नीट दिसत नसतो, असे पुष्कळदा घडते.

हे सारे ठीक असेल आणि हालचालींतला अवघडलेपणा लहानपणापासूनच असेल, तर तज्ज्ञ बहुधा हालचालींच्या समन्वयाच्या विकासात्मक अडचणीचा विचार करतील. शाळकरी वयाच्या सुमारे ५ ते ६ टक्के मुलांमध्ये ही अडचण असते, असा अंदाज आहे. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात अशी एक-दोन मुले असणे स्वाभाविक आहे. या मुलांची बुद्धी चांगली असते. इतरांना पाहून पाहून जे येते ते यांना पायरी-पायरीने शिकावे लागते आणि त्यासाठी जास्त वेळा करावे लागते. निदान पत्रावरून करता येत नाही आणि मी ते करतही नाही. परंतु ‘आळस’ हा निष्कर्ष मात्र तुमच्या पत्रातल्या वर्णनाशी मुळीच जुळत नाही. दुखणाऱ्या हाताने रोज लिहायला बसणारे मूल आळशी नसते.

आता सोय कुठे शोधायची ते पाहू. पहिली चौकशी मुलाच्या शाळेतच करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक वर्षातून एकदा शासकीय व अनुदानित शाळांत आणि दोनदा अंगणवाड्यांत तपासणीला येते. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथून सुरू झाला आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तो लागू आहे. विकासातील विलंब आणि अडचणी हा या तपासणीचा एक मुख्य भाग आहे, पण प्रत्यक्षात पथकाकडे वेळ थोडा असतो आणि चालते-बोलते, हुशार मूल त्यांच्या नजरेतून सहज सुटते. म्हणून पथक यायची वाट न पाहता तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन पथकातील डॉक्टरांना भेटा, बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी दाखवा आणि जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी संदर्भपत्र मागा. या केंद्रात बालरोगतज्ज्ञांबरोबर थेरपिस्ट, मानसतज्ज्ञ, वाचातज्ज्ञ आणि विशेष शिक्षक अशी पदे असतात आणि तिथला उपचार विनामूल्य असतो. सगळी पदे सगळीकडे भरलेली नसतात. त्यामुळे एसटीने साताऱ्याला जाण्यात दिवस घालवण्यापूर्वी सिव्हिलमध्ये फोन करून ‘लहान मुलांसाठी व्यवसायोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी असतात’ हाच प्रश्न विचारा. नुसते ‘थेरपी मिळते का’ असे विचारल्यास ‘मिळते’ असे उत्तर येईल आणि तिथे गेल्यावर फक्त फिजिओथेरपी असल्याचे कळेल.

दुसरी जागा म्हणजे पंचायत समितीचे गट साधन केंद्र. समग्र शिक्षा अभियानाच्या समावेशित शिक्षण विभागाचे विशेष शिक्षक तिथे नेमलेले असतात आणि ते शाळांना भेटी देतात. ते व्यवसायोपचारतज्ज्ञ नसतात, पण दोन कामांत त्यांचा मोठा उपयोग होतो. तालुक्यात किंवा जिल्ह्यात तपासणी शिबिर कधी आहे हे त्यांना ठाऊक असते, आणि तज्ज्ञाने सुचवलेले बदल वर्गात करून घेण्यासाठी वर्गशिक्षिकेशी बोलायला तेच योग्य माणूस असतात. मुख्याध्यापकांमार्फत त्यांना लेखी कळवा आणि त्या पत्राची प्रत स्वतःकडे ठेवा.

जिल्ह्यात सोय झाली नाही, तर सविस्तर तपासणीसाठी एकदा मुंबईला जाणे मी पुण्यातल्या तीन महिन्यांच्या आगाऊ पैशांपेक्षा जास्त योग्य मानते. परळचे केईएम, मुंबई सेंट्रलचे नायर आणि शीवचे लोकमान्य टिळक ही महापालिकेची रुग्णालये आहेत. तिन्ही ठिकाणी व्यवसायोपचाराचे महाविद्यालय आणि बाह्यरुग्ण विभाग आहे. हाजी अलीजवळ केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. या ठिकाणी खासगी केंद्रांच्या तुलनेत खर्च फार कमी येतो. गर्दी असते, हे खरे. परंतु ‘आम्ही म्हसवडहून आलो आहोत, पुन्हा पुन्हा येऊ शकत नाही, घरी करण्यासारखा कार्यक्रम हवा आहे’ असे पहिल्याच भेटीत सांगितले, तर तज्ज्ञ त्या दृष्टीने आखणी करतात. पुढची विचारपूस व्हिडिओ कॉलवर होईल का, हेही तेव्हाच विचारून घ्या.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. भारतातले व्यवसायोपचाराचे पहिले विद्यालय १९५० मध्ये केईएम रुग्णालयातच सुरू झाले आणि ते सुरू करणाऱ्या कमला निंबकर या जन्माने अमेरिकन होत्या. विवाहानंतर त्या निंबकर कुटुंबात आल्या आणि इथल्याच झाल्या. १९५२ मध्ये या क्षेत्रातील तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. तुमच्या शेजारच्या फलटणमधील कमला निंबकर बालभवन या शाळेला त्यांचे नाव आहे. या विद्येची भारतातली मुळे ज्या नावाशी जोडलेली आहेत ते नाव तुमच्या जिल्ह्यात रोज घेतले जाते आणि तुमच्या तालुक्यातल्या मुलाला तीच सेवा मिळत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

खासगी तज्ज्ञ शोधायचे झाले तर सातारा, कराड, फलटण, बारामती, पंढरपूर, अकलूज अशा म्हसवडहून ये-जा करता येईल अशा गावांत चौकशी करा. बालरोगतज्ज्ञ, मोठ्या रुग्णालयांचे फिजिओथेरपी विभाग आणि विशेष मुलांच्या शाळा यांना असे तज्ज्ञ माहीत असतात. काही जण पुण्याहून आठवड्यातून एखादा दिवस लहान गावांत येत असतात. भेटलेल्या व्यक्तीची पदवी जरूर विचारा. महाराष्ट्रात आज काम करणाऱ्या बहुतेक तज्ज्ञांनी साडेचार वर्षांचा व्यवसायोपचाराचा पदवी अभ्यासक्रम पूर्ण केलेला असतो आणि राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे त्यांची नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारणे हा अपमान नाही. चांगले तज्ज्ञ तो आपणहून सांगतात. काही महिन्यांचा अभ्यासक्रम करून ‘थेरपिस्ट’ अशी पाटी लावणारेही आहेत, म्हणून ही काळजी घ्यायची.

पहिल्या भेटीला जाताना मुलाच्या दोन-तीन वह्या न्या, आणि तो सदरा घालत असताना, जेवत असताना, लिहीत असताना आणि पळत असताना मोबाइलवर छोटे व्हिडिओ काढून ठेवा. अनोळखी खोलीत मूल बुजते. घरातला व्हिडिओ खरे चित्र दाखवतो. मुलालाही विचारा, ‘तुला स्वतःला काय यायला हवे असे वाटते?’ कदाचित तो लेखनाचे नाव घेणार नाही; सायकल किंवा लगोरी म्हणेल. ते ध्येय यादीत असलेच पाहिजे. ‘एकाग्रता वाढवणे’, ‘स्नायू बळकट करणे’ असली मोघम ध्येये घेऊन परत येऊ नका. ‘तीन महिन्यांत शाळेचा सदरा स्वतः घालून खालची तीन बटणे लावेल’ किंवा ‘फळ्यावरच्या चार ओळी हात न दुखता उतरवेल’, अशी डोळ्यांनी पाहता येतील अशी दोन किंवा तीन ध्येये ठरवून ती लिहून घ्या.

या मुलांच्या बाबतीत, जे काम शिकायचे आहे तेच काम पायरी पाडून शिकवण्याच्या पद्धतींना संशोधनाचा चांगला आधार आहे. कॅनडातील हेलेन पोलाटाइको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या पद्धतीत मूल स्वतः ध्येय सांगते, कसे करायचे याचा बेत स्वतः करते, करून पाहते आणि बेत जमला का हे स्वतःच तपासते. मोठी माणसे उत्तर न देता प्रश्न विचारत राहतात. तुम्ही घरी हे करू शकाल. बटण निसटले की लगेच हात पुढे न करता ‘बटण कुठे अडले? काजाचे भोक कोणत्या हाताने धरलेस?’ असे विचारा. सुरुवातीला मोठ्या बटणाचा एखादा जुना सदरा मांडीवर ठेवून सराव करू द्या, मग अंगात घालून. बटण काजातून अर्धे तुम्ही घाला आणि शेवटचे ओढणे त्याच्यावर सोपवा. ते जमले की त्याच्या आधीची पायरी त्याच्याकडे द्या. काम पूर्ण केल्याचा आनंद त्याला पहिल्या दिवसापासून मिळतो, म्हणून शेवटाकडून सुरुवात करायची. हा सराव शाळेच्या घाईत नको, रविवारी करा.

लेखनाकडे थोडे अधिक बारकाईने पाहा. आपल्या पुष्कळ शाळांत मुले सतरंजीवर मांडी घालून, वही जमिनीवर किंवा मांडीवर ठेवून लिहितात. ज्या मुलाची पाठ आणि खांदे लवकर थकतात, त्याची निम्मी शक्ती अशा वेळी बसून राहण्यातच खर्च होते. छातीखाली येईल असे एक छोटे बैठे मेज किंवा कडेला टेकू देऊन तिरपा केलेला पाट एवढ्या बदलानेही अक्षरात फरक पडलेला दिसतो. पेन्सिल आखूड द्या. बोटाएवढ्या तुकड्याला मूठ बसत नाही, तीन बोटेच लागतात. पाटी घरात असेल तर ती पुन्हा बाहेर काढा, कारण पाटीवर पेन्सिल ओढताना होणारा खरखरीत स्पर्श बोटांना दिशा आणि दाब कळवतो. अक्षरे बाराखडीच्या क्रमाने न घेता आकाराच्या क्रमाने घ्या. ‘ग म भ न’ हा आपल्याकडचा जुना क्रम त्यासाठी उत्तम आहे. त्यात काना आणि गाठ यांच्या ठराविक वळणांवर हात बसला की पुढची अक्षरे सोपी होतात. रोज दहा मिनिटे पुरेत. हात दुखायला लागण्याआधी थांबायचे, पान भरण्याचा आग्रह धरायचा नाही. पेन्सिल धरण्याची ढब पुस्तकातल्या चित्रासारखी नसली, तरी अक्षर वाचता येत असेल आणि हात दुखत नसेल तर ती बदलण्याच्या मागे लागू नका.

सासूबाईंची मदत घ्या. शेंगा सोलणे, लसूण निवडणे, कणकेचे गोळे करणे, धुतलेले कपडे पिळून दोरीवर चिमट्याने लावणे, ही कामे बोटांना बळ आणि दोन हातांना एकत्र काम करण्याची सवय देतात. पण ती लेखनाऐवजी नव्हेत, लेखनाबरोबर. केवळ शेंगा सोलून अक्षर सुधारत नाही. अक्षर लिहूनच सुधारते.

बाईंशी बोलताना तक्रारीच्या सुरात बोलू नका. तज्ज्ञांचा अहवाल हातात ठेवा आणि तीन नेमक्या गोष्टी मागा. फळ्यावरचे सगळे उतरवण्याऐवजी निवडक ओळी उतरवू द्याव्यात, जिथे आशय तपासायचा आहे तिथे तोंडी उत्तर चालवून घ्यावे आणि पुढच्या रांगेत, भिंतीला पाठ टेकेल अशी जागा द्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगता नमूद आहेत त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि तिच्या व्याख्येत लेखनाच्या अडचणीबरोबर हालचालींच्या नियोजनाची अडचणही शब्दशः नोंदलेली आहे. या प्रकारचे प्रमाणपत्र साधारणपणे वयाच्या आठव्या वर्षानंतर मिळते. आत्ता त्याची घाई नाही. परंतु तपासणीचे सगळे कागद एका फाइलमध्ये जपून ठेवा, कारण पुढे दहावीच्या परीक्षेत जादा वेळ मागण्याची वेळ आली तर जुन्या नोंदी कामी येतात.

प्रश्न : आमची पाच वर्षांची मुलगी स्वमग्न आहे. नाशिकमधील एका केंद्रात तिला गेले काही महिने रोज नेतो. तिथे झोके, चेंडूंचा हौद, अंगावर ब्रश फिरवणे, वजनदार जाकीट घालणे असे उपचार चालतात. पालकांना आत बसू देत नाहीत. ‘संवेदनांचे एकत्रीकरण होत आहे, धीर धरा’ असे सांगतात. घरी मात्र केस कापणे, नखे काढणे आणि शाळेचा गणवेश घालणे यांवरून रोज रडारड होते. उपचार योग्य चालला आहे का, हे आम्ही कसे ओळखावे?
— एक वडील, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रातले घरच्या रडारडीबद्दलचे वाक्य हेच तुमच्या मुलीचे उपचाराचे ध्येय असायला हवे होते. केस, नखे, गणवेश या तीन गोष्टी केंद्रातल्या तज्ज्ञांना माहीत आहेत का आणि त्यांवर काय काम चालले आहे, हे उद्याच विचारा.

संवेदनांच्या एकत्रीकरणाची, म्हणजे स्पर्श, तोल यांसारख्या संवेदना मेंदूने एकत्र जुळवून घेण्याची, कल्पना अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञ ए. जीन एअर्स यांनी मांडली आणि स्पर्श, तोल, हालचाल यांना काही मुले वेगळा प्रतिसाद का देतात हे समजून घ्यायला तिचा मोठा उपयोग झाला. त्या पायावर उभ्या असलेल्या उपचारांचे पुरावे मात्र मर्यादित आहेत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्ये हेच सांगितले होते : असे उपचार सर्वांगीण योजनेचा एक भाग म्हणून करता येतील, परंतु संशोधन अपुरे असल्याची पालकांना कल्पना द्यावी, उपचाराची ध्येये आधी ठरवावीत आणि परिणाम होतो आहे का हे ठराविक मुदतीत पाहावे. वजनदार जाकिटाचा उपयोग सिद्ध झालेला नाही. झोका वाईट आहे असे मी म्हणत नाही. तुमच्या मुलीला तो आवडत असेल तर ती झोक्यावर बसू दे. फक्त त्या झोक्यामुळे काही महिन्यांनी घरात काय बदलणार आहे, याचे उत्तर तज्ज्ञांकडे असले पाहिजे.

दार बंद ठेवण्याविषयी माझे मत ठाम आहे. पालक समोर असताना काही मुले विचलित होतात आणि एखादे सेशन बाहेर बसून काढावे लागते, हे मान्य आहे. पण महिनोन्महिने पालकांना आत काय चालते ते दिसू नये, हे मान्य करण्यासारखे नाही. निदान शेवटची दहा मिनिटे आत बसून तज्ज्ञांनी केलेली गोष्ट स्वतः करून पाहण्याचा आग्रह धरा. मुलीला धरून, दाबून, रडत असताना काही करवून घेतले जात असेल तर ते केंद्र सोडा. ‘पूर्ण बरी करू’ असे आश्वासन देणारे केंद्रही सोडा.

घरापुरते सांगायचे तर गणवेशाच्या मानेजवळचा लेबलाचा तुकडा उसवून टाका, आतल्या शिवणी बोचत असतील तर आत मऊ सुती बनियन घाला आणि नवा गणवेश दोन-तीनदा धुऊन मगच अंगावर द्या. शाळेने कापडाच्या बाबतीत थोडी सवलत द्यावी म्हणून लेखी विनंती करा. नखे अंघोळीनंतर, मऊ झालेली असताना, रोज एकच अशा हिशेबाने काढा आणि किती उरली हे तिला बोटांवर दाखवत राहा. केस कापणाऱ्याला दुकान उघडण्याच्या वेळी, गर्दी नसताना भेटा. मशिनऐवजी कात्री वापरायला सांगा, आणि आदल्या दिवशी घरी आरशासमोर मानेला टॉवेल गुंडाळून, नुसता कंगवा फिरवून सराव करा. यांतले काय जमले आणि काय नाही, याची नोंद केंद्रात न्या. ती नोंद वाचून ज्यांनी पुढची योजना बदलली, ते तज्ज्ञ तुमच्या मुलीसाठी योग्य आहेत, असे समजायला हरकत नाही. वाचून बाजूला ठेवली, तर परिषदेकडे नोंदणी असलेल्या दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्या. मुलीकडे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेची चौकशीही करा. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुदिव्यांगता असलेल्यांसाठीचा हा एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा असून त्यात थेरपीच्या खर्चाचा काही भाग मिळतो. न्यासाकडे नोंदणी असलेल्या संस्थांमार्फत अर्ज करता येतो आणि वैद्यकीय पूर्वतपासणी लागत नाही.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका आहे. माझ्या गावातील चौदा महिन्यांचे एक बाळ सगळ्या वस्तू डाव्या हातानेच घेते. उजवी मूठ बहुतेक वेळा मिटलेली असते. घरचे म्हणतात, आजोबा डावखुरे आहेत, तसेच तेही. मी काय सांगू?
— एक सेविका, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : तुम्ही हे टिपलेत, याबद्दल तुमचे मनापासून अभिनंदन करते. घरच्यांना सांगा की डावखुरे असणे यात काही वावगे नाही, पण मुलांचा उजवा-डावा कल साधारणपणे दोन वर्षांनंतर हळूहळू दिसू लागतो आणि डावखुऱ्या मुलाचा उजवा हातही उघडतो, मदतीला येतो. एवढ्या लहान वयात एकच हात चालणे आणि दुसरी मूठ मिटलेली राहणे याचा अर्थ दुसऱ्या हाताला अडचण असू शकते. मेंदूच्या एका बाजूला जन्माच्या सुमारास इजा झाली असेल तर असे होते आणि तपासणी लगेच व्हायला हवी.

बाळ उजवा पाय टाच न टेकवता चवड्यावर टेकवते का, रांगताना एक बाजू ओढते का, त्याला कधी आकडी आली होती का, हे विचारून लसीकरणाच्या कार्डावर नोंदवा. आकडी आली असेल तर वाट न पाहता त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात पाठवा. नसेल तर बाल स्वास्थ्य पथकाच्या डॉक्टरांना फोन करून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी संदर्भपत्र घ्या. पथकाची अंगणवाडीला पुढची फेरी सहा महिन्यांनी असेल, तोवर थांबू नका. व्यवसायोपचारासाठी तुमच्या भागाला नागपूर सोयीचे आहे. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय आणि उपचार केंद्र आहे, तसेच दिव्यांगांसाठीचे केंद्र सरकारचे क्षेत्रीय केंद्रही नागपुरात आहे.

अशा बाळांसाठी चांगल्या हातावर काही वेळ मोजा चढवून दुसऱ्या हाताला खेळायला लावण्याची एक परिणामकारक पद्धत आहे, पण ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करायची. घरच्यांनी आपल्या मनाने हात बांधून ठेवू नये, हे त्यांना आवर्जून सांगा. मूठ जोर लावून उघडू नये आणि हाताला जोरकस मालीशही करू नये. तपासणी होईपर्यंत आईला एवढेच दाखवा : दोन्ही हातांनीच धरता येईल असा मोठा चेंडू किंवा हलका डबा बाळाच्या समोर मध्यभागी द्यायचा, खुळखुळा उजव्या बाजूने पुढे करायचा आणि अंघोळीच्या वेळी कोमट पाण्यात मूठ सैल झाली की तळहातावर हळूच बोट फिरवायचे. नागपूरला जायचे ठरले की आशाताईंना त्या कुटुंबाबरोबर पाठवता येईल का ते पाहा, कारण तिथे सांगितलेले सगळे पहिल्याच भेटीत आईच्या लक्षात राहत नाही, आणि नंतर दर आठवड्याला तिच्याकडून ते करून घेणारे तुमच्या दोघींखेरीज गावात दुसरे कोणी नाही.